कामाची पँट : कॉटन ग्रीनच्या गोदामातून उसाच्या फडापर्यंत



हंगाम तोंडावर आला की आपण काय काय बघतो? ट्रॅक्टरचे ऑइल बदलतो, ट्रॉलीची टायरे तपासतो, बैलांना नाल ठोकून घेतो, कोयत्यांना धार लावतो. पण स्वतः काय घालून रानात उतरणार याचा विचार कोणी करीत नाही. लग्नात आहेर म्हणून आलेले टेरिकॉटचे पँटपीस शिवायचे, दोन वर्षे पाव्हण्यारावळ्यांत मिरवायचे आणि चमक गेली की तीच पँट रानात ओढायची, ही आपली रीत. रानासाठी म्हणून मुद्दाम माप देऊन पँट शिवली, असे सांगणारा सभासद मला तरी अजून भेटलेला नाही. मीही त्यातलाच होतो. ट्रॅक्टरच्या शाफ्टने धडा दिला तेव्हा डोळे उघडले.

मळणीयंत्र चालू होते. मी घोळदार लेंगा घालून शेजारून पलीकडे निघालो होतो. ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. लेंग्याचा पाय शाफ्टला गुंडाळला आणि मी आडवा झालो. नशीब एवढेच की लेंगा जुना, धुऊन धुऊन विरलेला सुती होता. तो मांडीपासून टरकन फाटला आणि पाय माझ्याकडे राहिला. पोटरीवर वीतभर व्रण आहे. त्या दिवशी अंगात चांगली मजबूत टेरिकॉटची पँट असती तर ती फाटली नसती, हे मला पुढे दवाखान्यात पडल्या पडल्या उमगले. तोवर कापड जितके बळकट तितके चांगले, असेच मी धरून चाललो होतो.

भेटायला आमचे थोरले चुलते आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा 1971 साली मुंबईला गेले आणि कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात माथाडी म्हणून लागले. साताऱ्या-सांगलीकडची, जुन्नर-आंबेगावकडची किती घरे त्या माथाडीवर उभी राहिली, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. त्यांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला, म्हणून हमालाला हजेरी, फंड, बोनस दिसू लागले. ते असो. आबांनी माझा पाय बघितला, मग खुंटीवरचा फाटका लेंगा हातात घेतला आणि म्हणाले, "आरं, गोदामात असला घोळ घालून आला आस्तास, तर मुकादमानं दारातनंच माघारी धाडला आस्ता."

हे कॉटन ग्रीन नाव आपल्याला हार्बर लाइनीवरचे एक स्टेशन म्हणूनच ठाऊक असते. मूळचे कॉटन ग्रीन कुलाब्याला होते; 1844 पासून कापसाचा बाजार तिथे भरत असे. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून जमीन केली, गोदामे बांधली आणि 1920 च्या दशकात बाजार नावासकट इकडे आला. कॉटन एक्स्चेंजची मोठी इमारत त्याच वेळची. खानदेश, वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून इथे यायचा. एक गाठ साधारण 170 किलोची. ती एकट्याने उचलायची नसते. आकडा घालून, कलती करून, दोघातिघांनी मिळून रेटायची असते. या कामात माणूस दिवसभर वाकतो, उकिडवा बसतो, मांडीने जोर लावतो. त्यामुळे पँट कुठे फाटते हे गोदामातल्या हमालाइतके कोणत्याही शिंप्याला कळत नसेल.

आबांच्या वेळी गोदामात बहुतेकांच्या अंगावर जाड खाकी ड्रिलची अर्धी चड्डी आणि बंडी असे. गिरणीतही तेच, साच्याखात्यात दमट उष्मा इतका की अंगावर जास्त कापड सोसवतच नसे. खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे माती, धूळ यावरून आला. 1846 साली पेशावरला उभ्या केलेल्या गाइड्स पलटणीने मळखाऊ म्हणून हा रंग उचलला आणि तिथून तो पोलीस, पोस्टमन, एसटी असा सगळीकडे गेला. आबांची चड्डी लालबागच्या एका शिंप्याकडे शिवलेली असे. तयार कपड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानदाराला आपले आसन काय माहीत, म्हणायचे.

आता हे आसन म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तो भाग. कामाची पँट पहिल्यांदा इथेच उसवते. आबांची पद्धत अशी: शिंप्याने उभ्याने माप घेतले की आबा तिथेच दुकानात उकिडवे बसायचे आणि "आता घे" म्हणायचे. बसल्यावर कंबर मागून खाली ओढली जाते आणि गुडघ्यावर कापड ताणते. ती उंची वाढवून द्यावी लागते. शिवाय आसनात चौकोनी तुकडा, म्हणजे कळी, घालून घ्यायची. कळी असली की ताण एका शिवणीवर न येता चहूकडे वाटला जातो. आपल्या जुन्या लेंग्याला, विजारीला कळी असायचीच. पँट आली, फॅशन आली आणि कळी गेली. ऊस लावताना, बांधावर बसून भाकरी खाताना जी 'टर्र' ऐकू येते ती त्यामुळे. तयार पँट घेणार असाल तर दुकानात पाच-सहा बैठका मारून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसरी गोष्ट खिशाची. पँटचे कापड तीन वर्षे टिकते, पण खिशाला आतून लावलेले पातळ अस्तर सहा महिन्यांत भोक पाडते. मग त्यातून किल्ली जाते, सुटे पैसे जातात. आबा खिसा पँटच्याच कापडाचा लावून घेत आणि त्याच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना आडवे टाके. नेमके याच टोकांना तांब्याच्या रिव्हेटी ठोकायची कल्पना अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याला सुचली. एका लाकूडतोड्याची बायको नवऱ्याची पँट टिकत नाही म्हणून त्याच्याकडे आली होती. डेव्हिस लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याकडून कापड घेई; दोघांनी मिळून 20 मे 1873 ला पेटंट घेतले. आज कॉलेजातली पोरे मुद्दाम गुडघ्यावर फाडलेली जीन घालतात, ती मुळात फाटू नये म्हणून निघालेली लाकूडतोड्यांची, खाणमजुरांची पँट! तिच्या उजव्या खिशात जो चिमुकला खिसा असतो तो साखळीच्या घड्याळासाठी होता. आपल्याकडे त्यात चुन्याची डबी बरोब्बर बसते.

आणि जीनचे कौतुक करताना आणखी एक. इंग्रजीत कामाच्या जाड पँटीला डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. डोंगरीच्या बाजारात मिळणारे जाडेभरडे सुती कापड साहेबाचे व्यापारी सतराव्या शतकापासून नेत होते. जहाजाची शिडे, खलाशांच्या विजारी त्याच्या होत. डोंगरी सँडहर्स्ट रोड स्टेशनाजवळ, म्हणजे कॉटन ग्रीनहून बोरीबंदरकडे जाताना तिसरे स्टेशन.

खिशात काय ठेवायचे यावरही आबांचे कडक नियम होते. गोदामात आगपेटी नाही. पँटच्या पायाला खाली दुमड नाही, कारण दुमडीत कापूस साठतो आणि ठिणगीला तेवढे पुरे. कापसाची गाठ आतल्या आत धुमसत राहते, बाहेरून पत्ता लागत नाही. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटले, त्यात 1400 टनांच्या आसपास स्फोटके होती, पण आग लागली ती कापसाच्या गाठींना. गोदामातले जुने लोक ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. आपल्या पाचटाला हे तंतोतंत लागू आहे. पाचट जाळू नये, कुजवावे, हे शेतकी खाते सांगतेच. तरी जाळणारे जाळतात, आणि तेही टेरिकॉटची पँट घालून. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असते. सुती कापड पेटले तर जळून राख होते, हाताने झटकता येते. पॉलिएस्टर आधी वितळते आणि कातडीला चिकटते. बॉयलरवरच्या, उकळत्या रसाजवळच्या कामगार बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे. घामाचेही तसेच: सुती कापड घाम पिते, पॉलिएस्टर जवळजवळ नाहीच. टेरिकॉटची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. आषाढात ते तासाभरात वाळते आणि जाड सुती पँट तीन दिवस दोरीवर ओली लोंबते. म्हणून सुती दोन हव्यात, एक अंगावर आणि एक दोरीवर.

सैल की आवळ, यावर आमचा दोघांचा वाद झाला. आबा म्हणाले यंत्रापाशी आवळच. 1948 च्या कारखाना कायद्यातही चालत्या यंत्रापाशी तेलपाणी करणाऱ्या माणसाने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे लिहिलेले होते. मी म्हटले, "पण आबा, रात्रीची लाइट आली की मी दारं धरायला जातो तेव्हा काय?" उसात घोणस असते, मण्यार असते. अमेरिकेत 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नकली पायाला जीनचे कापड गुंडाळून त्यावर रॅटलस्नेक सापाला चावायला लावले, तर उघड्या पायापेक्षा जवळपास दोन तृतीयांश विष कमी उतरले. घोणशीवर हा प्रयोग झालेला मी वाचलेला नाही आणि पँट घातली म्हणून बॅटरी नि बूट घरी ठेवा असेही कोणी समजू नये. पण गुडघ्यावर लेंगा खोचून उघड्या पोटऱ्यांनी सरीत उतरण्यापेक्षा जाड, सैल, घोट्यापर्यंत येणारी पँट केव्हाही बरी. उसाच्या पात्याने पोटरी चिरते आणि उंदराच्या मुताचे पाणी त्या चिरेत जाते. लेप्टोचा ताप असाच येतो. ऑस्ट्रेलियात त्याला ऊसतोड्यांचा आजारच म्हणत.

आबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग सैलच शिव. पर घोट्याशी पट्टी लाव, बटनाची. रानात सोडायची, यंत्रापाशी आवळायची. आमी सुतळी बांधायचो." वाद तिथे संपला.

मागच्या खिशाबद्दल एक सूचना माझ्या पदरची. जाड पाकीट मागच्या खिशात ठेवून तासन्तास ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर बसल्याने कंबर वाकडी राहते, नस दबते आणि पायात मुंग्या येतात. काट्याची वजनपावतीही तिथे ठेवू नका. घामाने अक्षरे जातात आणि मग पंधरवड्याच्या बिलात टनाचा घोळ निघाला की भांडायला हातात काही राहत नाही. पावतीसाठी मांडीवर झाकणाचा, बटणाचा एक खिसा घ्या आणि आत प्लास्टिकची पिशवी. मोबाईल दुसऱ्या मांडीवर. वाकलात तर दोन्ही पाण्यात पडत नाहीत.

भगिनींचे काय? आमच्या आजीच्या नऊवारीचा ओचा हाच तिचा खिसा होता. त्यात शेंगा, सुपारी, पैसे, नातवाचा लिमलेट, सगळे मावे. आजच्या सलवारीला साधा एक खिसा नसतो. तोडणीवरच्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, तो पाते लागू नये म्हणून आणि खिसा मिळतो म्हणूनही. पुढच्या वेळी मुलीचा ड्रेस शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला खिसा सांगा. नाही म्हणेल, त्याला अर्धी वीत कापड जास्त लागते एवढेच.

शिवायला देण्याआधी ड्रिल किंवा जीनचे कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्याला आटते. ते शिवण्याआधी आटलेले बरे.

माझी नवी पँट परवा शिवून आली. राखी ड्रिल, कळीची, घोट्याला पट्टी. शिंप्याने पाच खिशांची शिलाई जास्त लावली, म्हणून कुरबुर करीत मी ती आबांना दाखवायला नेली. त्यांनी आधी ती उलटी केली, आसनाची शिवण दोन अंगठ्यांनी ताणून बघितली, मग खिशात मूठ घालून फिरवली. "दुहेरी टीप हाय," म्हणाले, आणि पँट माझ्या अंगावर फेकली. "बस बघू उकिडवा."