मापणाऱ्याचे माप

अलिबाग-मुरुडच्या मासेमारी बोटींवरचा फिश फाइंडर आणि दवाखान्यातील सोनोग्राफी यांचे तत्त्व एकच: प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणे. सोनोग्राफी यंत्र शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरते. यंत्राचे मापच चुकले, तर गर्भाच्या वाढीचा अंदाज चुकतो. म्हणून आपण यंत्र 'फँटम'वर तपासतो. फँटम म्हणजे तितक्याच ध्वनिवेगाच्या पदार्थाचा ठोकळा. त्यात ठरावीक खोलीवर नायलॉनचे बारीक दोरे असतात. १० सेंटिमीटरवरचा दोरा पडद्यावरही तिथेच दिसायला हवा. ठोकळ्याऐवजी साधे पाणी घेतले तर? ३० अंश सेल्सिअसला पाण्यातील वेग सुमारे १५०९ मीटर. दोरा १०.२ सेंटिमीटरवर दिसेल आणि आपण निर्दोष यंत्राला दोष देऊ! कसे, ते विद्यार्थ्यांना आकडेमोड करून शोधू द्या.