जुनी गाडी सांभाळताना (भाग ११) : बाक आलेलं प्लास्टिक

मागच्या लेखात दारांच्या रबरी बीडिंगचं पाहिलं. आता गाडीच्या आत बसू. पंधरा-वीस वर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत काचेशेजारच्या खांबाचं कव्हर एका टोकाला सुटलेलं असतं, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला पोट सुटलेलं असतं. गॅरेजवाला म्हणतो, "स्क्रू मारून टाकू, साहेब." मारू देऊ नका. सगळा ताण त्या एका भोकापाशी येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच चीर जाते.

हे प्लास्टिक उन्हाने वितळलेलं नसतं. भर एप्रिलात बंद गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ८० अंशांच्या घरात जातो. एबीएस नीट मऊ पडायला १०० अंश तरी लागतात आणि पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, वितळतं १६० च्या आसपास. पण कारखान्यात साच्यातून भाग भराभर थंड करून काढतात, तेव्हा थोडा ताण आतच अडकून राहतो. त्यात क्लिपांची ओढ आणि रोजचं ऊन. वर्षानुवर्षं तुकडा केसाकेसाने सरकत राहतो.

भाग काढायचा तो दुपारी, गाडी तापलेली असताना. थंडीच्या सकाळी क्लिपा काडकन तुटतात. उलटा करून पाहा, पाठीवर पीपी किंवा एबीएस असा शिक्का बहुधा सापडतो. तडा असेल तर एबीएसला फेविक्विक चालतं, पीपीला ते धरतच नाही.

तापवायचं नेहमी पाठीमागून. समोरून हीट गन लावली की पृष्ठभागाची खरखर जाऊन तेलकट चकाकी येते, आणि ती मग कशानेही जात नाही. गन सर्वांत कमी आचेवर, एक वीत लांब, हात सतत फिरता. हातमोजा घालून अंगठ्याने दाबल्यावर तुकडा वाकू लागला की तो प्लायवूडवर ठेवा, लाकडी पट्ट्या लावून सी-क्लॅम्पने आवळा. सरळ रेषेच्या किंचित पलीकडेच, कारण थोडा तो मागे येणारच. मूळचाच वळणदार भाग असेल तर दुसऱ्या बाजूच्या जोडीदारावरून पुठ्ठा कापा आणि उलटा करून माप घ्या.

खरी दुरुस्ती यापुढे होते, नुसत्या थांबण्याने. ओलं फडकं नको, पाणी नको. तास-दोन तास क्लॅम्पला हात लावायचा नाही. कोमट असताना सोडलात तर जुना बाक परत येतो.

एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगला, डॅशबोर्डला किंवा खांबाला मात्र हीट गन दाखवूसुद्धा नका. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

मागचे खुंट मोडले असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना भाग शोधता येईल. तोही तेवढेच उन्हाळे खाऊन आलेला असतो, तेव्हा सपाट जागी ठेवून बाक तपासा, मगच पैसे द्या. आणि बसवताना क्लिपा नव्या घाला. जुन्या ढिल्या क्लिपांवर सरळ केलेला भागही टिकत नाही.