आई म्हणते, ‘पंखा चालू करो!’

मुलांनो, एक कोडं घालते. घरात सगळ्यांत जास्त वेळा हरवणारी वस्तू कोणती? मी हे आमच्या तिसरीच्या वर्गात विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “रिमोट!” कुणाचा उशीखाली सापडतो, कुणाचा गादीच्या फटीत. एकाचा तर म्हणे फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी सापडला होता!

रिमोट हरवला की तुमची मालिका बुडते, एवढंच. पण काही घरांत रिमोट हाताशी नसणं ही साधी गोष्ट नसते बरं का! माझी आई नांदेडला भावाकडे राहते. संधिवातानं तिच्या हाताची बोटं आखडली आहेत, आणि पडल्यापासून तिला एकटीला पलंगावरून उठता येत नाही. दुपारी भाऊ-वहिनी कामावर, भाची शाळेत. मे महिन्यातलं नांदेडचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. पंख्याचा रिमोट उशाशी असूनही आईला त्याची बारीक रबरी बटणं दाबता येत नसत. पंखा डोक्यावर, रिमोट शेजारी, आणि आई घामाघूम!

माझी भाची आठवीत आहे. ती म्हणाली, “आत्या, आजीला बोटांनी नाही जमत ना? मग तोंडानं सांगू दे!” आणि तिनं वडिलांच्या मागे लागून ते करूनही दाखवलं. ते कसं, तेच आज सांगायचं आहे. पण त्याआधी रिमोटच्या पोटात शिरू या.

न दिसणारा उजेड

टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला काचेच्या मण्यासारखा एक छोटा दिवा असतो. बटण दाबलं की तो लागतो. पण आपल्याला दिसत नाही, कारण तो ‘अवरक्त’ प्रकाश देतो. तांबड्या रंगाच्या पलीकडचा हा प्रकाश १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाला सापडला. त्यानं लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच रंग नव्हता, तिथला पारा चढलेला दिसला! डोळ्याला न दिसणारं काहीतरी तिथे नक्की होतं.

आता हा दिवा निरोप कसा देतो? दारावर टकटक करून खूण करावी, तसाच. समजा तुम्ही मित्राशी ठरवलंत, की दोन टकांमध्ये थोडं थांबलो तर ‘शून्य’ आणि तिप्पट थांबलो तर ‘एक’. अनेक रिमोटमध्ये हीच युक्ती असते. एका ‘टक’ला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अर्धा वेळ लागतो. अशी बत्तीस शून्यं-एक मिळून एक निरोप होतो: ‘मी अमुक टीव्हीचा रिमोट, आवाज वाढव.’ हा सगळा निरोप डोळ्याची पापणी लवण्याआधी पोचतोसुद्धा!

पण खोलीत ऊन असतं, ट्यूबलाइट असते. त्या उजेडात हा दिवा टीव्हीला ओळखू कसा येतो? त्यासाठी प्रत्येक ‘टक’च्या आत दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा या वेगानं उघडझाप करतो. टीव्हीचा डोळा फक्त याच तालाकडे लक्ष देतो. जत्रेच्या गोंगाटात आईची हाक बरोबर ऐकू येते ना, तसंच.

या प्रकाशाची एक खोड मात्र आहे. तो भिंतीतून जात नाही. भिंतीवर आपटून परत फिरतो, पण मध्ये काही आडवं आलं की अडतो. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिनं आमची चांगलीच फजिती केली.

भिंतीपलीकडची हाक

दुसरा रिमोट असतो रेडिओ लहरींचा. बिनतारी दारघंटी, गाडीची किल्ली, मोठ्या फाटकाचा रिमोट हे बहुधा या जातीचे. आकाशवाणीचं नांदेड केंद्र तुम्ही घरात दार लावून ऐकता ना? रेडिओ लहरी विटांच्या भिंती पार करून येतात. पुष्कळ स्वस्त रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनं!

हे काम आपल्या देशात फार जुनं आहे. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतींमधून पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. तेव्हा टीव्ही नव्हता आणि रेडिओ केंद्रंही नव्हती.

रिमोट आता छताच्या पंख्यालाही आला. त्याचं कारण मोटार. साधा पंखा ताशी पाऊण युनिट नव्हे, तर सुमारे ७५ वॅट वीज घेतो. म्हणजे १३ तासांत जवळजवळ एक युनिट. नव्या ‘बीएलडीसी’ मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२ साली सुरू केलेली ॲटमबर्ग कंपनी अशाच पंख्यांमुळे नावाला आली. या मोटारीचा वेग तिच्या आतलं इलेक्ट्रॉनिक मंडलच ठरवतं, म्हणून भिंतीवरच्या रेग्युलेटरऐवजी रिमोट देणं सोपं जातं.

मधला दुभाषा

पंख्याला फक्त अवरक्त प्रकाशाची भाषा कळते, आणि आईला येतं फक्त बोलायला. मग मध्ये दुभाषा हवा. तो म्हणजे तळहातावर मावेल एवढी एक डबी. तिला ‘स्मार्ट रिमोट’ म्हणतात. भाचीनं ती फळीवर ठेवली आणि घरातल्या वायफायला जोडली.

मग शिकवणी सुरू झाली! पंख्याचा जुना रिमोट डबीसमोर धरायचा आणि एक बटण दाबायचं. डबी ती उघडझाप ‘ऐकते’ आणि पोपटासारखी पाठ करते. असं एकेक बटण पढवलं. डबीत चहूबाजूंना अवरक्त दिवे असतात, त्यामुळे ती खोलीभर तोच निरोप फेकू शकते. रेडिओचा रिमोट शिकवायचा असेल, तर मात्र रेडिओ लहरी समजणारी डबी लागते. आणि गाडीची किल्ली सहसा शिकवता येत नाही, कारण तिचा संकेत दर वेळी बदलतो. चोरांनी पोपट पाळू नये म्हणून!

शेवटी आला बोलका स्पीकर. आई म्हणते, “पंखा चालू करो!” स्पीकर ते वाक्य इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे पाठवतो. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो, हुकूम परत नांदेडला येतो, डबी डोळा मिचकावते आणि पंखा फिरतो. एवढी वारी एक-दोन सेकंदांत!

तुम्ही विचाराल, आई हिंदी का बोलते? फोनमधल्या गूगल असिस्टंटला २०१८ साली मराठी येऊ लागलं, अलेक्सा २०१९ साली हिंदी शिकली. आमच्या घरातल्या स्पीकरला हिंदी-इंग्रजीच समजतं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, “पंखा लाव गं बाई!” स्पीकर गप्प. मग आईनं नांदेडच्या बाजारातली हिंदी बाहेर काढली. ती त्याला एकदम पटली. पंखा फिरला आणि आई लहान मुलीसारखी हसली. कुणाला हाक न मारता स्वतःचा पंखा स्वतः लावायला तिला कितीतरी महिन्यांनी मिळालं होतं.

‘ठीक है’, पण खरंच?

पंधरा दिवस छान गेले. एका दुपारी आई म्हणाली, “पंखा चालू करो.” स्पीकर म्हणाला, “ठीक है.” पंखा ढिम्म! आईनं पुन्हा सांगितलं. पुन्हा “ठीक है.” पाच वेळा, दहा वेळा तेच. शेजारच्या काकू सहज डोकावल्या म्हणून बरं. आईचा घसा कोरडा पडला होता, तोंड लालबुंद झालं होतं.

काय झालं होतं? सकाळी आवरताना कुणीतरी फळीवर डबीच्या पुढ्यात स्टीलचा मोठा डबा ठेवला होता! डबीचा प्रकाश त्यावर आपटून परत जात होता.

भाची रडवेली झाली. “मग तो ‘ठीक है’ खोटं का बोलला?” तो खोटं बोलला नव्हता, मुलांनो. डबीनं निरोप पाठवला होता, पण पोचला की नाही, हे तिला कळतच नाही. साध्या पत्रासारखं हे एकतर्फी काम आहे; पोचपावती नाही. आणखी एक घोळ म्हणजे चालू आणि बंद करायला बहुतेक रिमोटवर एकच बटण असतं. पंखा आधीच कुणी हातानं लावला असेल आणि तुम्ही “चालू करो” म्हणालात, तर तो चक्क बंद होतो! एसीचा रिमोट यात शहाणा असतो. तो दर वेळी ‘चालू, थंड, २६ अंश’ असा सगळा निरोप पुन्हा पाठवतो.

पोचपावतीचं महत्त्व आपल्या शेतकऱ्यांना विचारा. लातूर-नांदेडकडे विहिरीवरच्या मोटारीला रात्रीची लाइट असते. अंधारात, साप-विंचवाच्या वाटेनं मोटार चालू करायला कोण जाणार? पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी म्हाताऱ्या आजोबांची हीच पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करता येते, आणि तिथे वीज आहे की नाही, हेही फोनमधल्या आवाजावरून कळतं. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला मोठं बक्षीस मिळालं. हुकूम जातो आणि उत्तरही येतं, म्हणून शेतकरी घरी निश्चिंत झोपू शकतो.

मग आम्ही काय केलं?

डबी काढून टाकली नाही. तिच्यापुढे काही ठेवायचं नाही म्हणून फळीवर भाचीनं लाल खडूनं चौकोन आखला. ‘चालू’ आणि ‘बंद’साठी वेगळ्या युक्त्या केल्या: आता ‘चालू’ म्हटलं की डबी वेगाचं बटण पाठवते. या पंख्यात वेगाचं बटण दाबलं की पंखा सुरू होतो, आणि सुरू असला तरी बंद होत नाही.

आणि सगळ्यांत कामाची वस्तू आणली ती अगदी साधी: रेडिओ लहरींची बिनतारी घंटी. तिचं मोठं बटण आईच्या पलंगाला बांधलं. मुठीनं दाबलं तरी चालतं. घंटी आहे भिंतीपलीकडे, काकूंच्या स्वयंपाकघरात. दोन्हीकडे सेल, त्यामुळे लाइट गेली, इंटरनेट बंद पडलं, तरी ती वाजतेच. आणि तिची पोचपावती काय, ठाऊक आहे? काकूंचा आवाज: “आले हो, ताई!”

आईबाबांनाही एक सांगायचं आहे. बोलक्या यंत्राला पंखा, दिवा, टीव्ही जरूर द्या. पण गिझर, इस्त्री, शेगडी आणि दाराचं कुलूप देऊ नका. खिडकीतून कुणीही हुकूम सोडू शकतो! स्पीकरचा ‘कान’ बंद करायचं बटण कुठे आहे, तेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

करून पाहा

१. खोलीत अंधार करा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही, तर पुढच्यातून पाहा.

२. रिमोटपुढे पातळ कागद, तळहात, काच आणि स्टीलची ताटली एकेक करून धरा. टीव्ही कशातून ऐकतो? वहीत तक्ता करा.

३. टीव्हीकडे पाठ करा, समोरच्या भिंतीवर रिमोट रोखा आणि बटण दाबा. मग तोच प्रयोग आरसा धरून करा.

प्रयोग फक्त सेलवरच्या रिमोटनं करायचे. भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, कबूल?

आणि चौथा प्रयोग सगळ्यांत अवघड. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. कोणतं बटण त्यांना दाबता येत नाही, कोणती वस्तू हाताला लागत नाही, ते नीट पाहा आणि लिहून काढा. यंत्र कोणतं आणायचं, हे त्यानंतर ठरवायचं. कुणी सांगावं, तुमच्याही घरी लाल खडूच्या चौकोनानं काम भागेल!