निळा दिवा आणि गालावरचे वांग

गेल्या चैत्रात माझा उजवीकडचा एक दात भरून घेतला. डॉक्टरांनी पांढरा मसाला भरला, त्यावर निळ्या उजेडाची एक कांडी वीस सेकंद धरली आणि मसाला दगडासारखा घट्ट झाला. मला मोठे नवल वाटले!

पण महिन्याभराने आरशात पाहते, तो उजव्या गालावर वांग! शेजारच्या काकूंनी तत्काळ निदान केले, “अगं, त्या दिव्याचाच हा प्रताप. चेहरा जून करतात ते किरण!” झाले! दुसरा दात भरायचा होता, तो मी “पुढे पाहू” म्हणून लांबणीवर टाकला.

श्रावणात एका रात्री तोच दात असा ठणकला, की सारे घर जागे झाले. सकाळी डॉक्टरांकडे धावले. कीड नसेपर्यंत पोचली होती. जे काम एका बैठकीचे, त्याला आता रूट कॅनॉलच्या तीन फेऱ्या आणि चौपट पैसे! ओशाळून मी खरे कारण सांगितले.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “भीती अगदीच निराधार नाही. १९७० नंतरच्या पहिल्या दिव्यांत अतिनील किरण असत. म्हणून तर ते मागे पडले. आताच्या दिव्याचा उजेड साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरचा, म्हणजे निळा. त्वचा जून करणारे अतिनील किरण त्याच्या अलीकडचे. निळ्या उजेडाने सावळ्या त्वचेवर डाग पडू शकतात हे खरे. पण त्याला मात्रा बरीच लागते. इथे काही सेकंदांचे काम, तेही तोंडाच्या आत! उजेडाने त्वचा नाजूक करणारे एखादे औषध चालू असेल, तर मात्र आधी सांगावे.”

“मग हे वांग?”

“डावा गाल पाहिलात का?” त्यांनी आरसा पुढे केला. डाव्या गालावरही तसाच डाग, जरा फिका! दिवा तर उजवीकडे धरला होता. “ऊन, शरीरातले संप्रेरकांचे बदल, घराण्याचा वारसा, ही वांगाची नेहमीची कारणे. बसच्या बंद काचेतूनही उन्हातले पुष्कळसे अतिनील किरण आत येतात.”

मी रोज खिडकीची जागा पकडते, हे त्यांना कोणी सांगितले कोण जाणे!

इतक्यात दिवा लागला आणि आमचे ‘हे’ कौतुकाने वाकून पाहू लागले. डॉक्टर एकदम ओरडले, “अहो, डोळे फिरवा! खरा धोका आहे तो डोळ्यांच्या पडद्याला. नारिंगी चष्मा असतो तो त्यासाठीच.”

घरी येईपर्यंत ह्यांच्या डोळ्यांपुढे एक ठिपका नाचत होता. माझ्या अडाणीपणाला सकाळपासून हसणारे गृहस्थ त्या दिवशी फार गप्प होते. मीही काही बोलले नाही. छत्री तेवढी उघडली.