ब्रॉयलरचे सहा आठवडे

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचे, एका दिवसाचे पिलू जेमतेम ४० ग्रॅम भरते आणि तेच, दाणापाणी व ऊब यांचा बंदोबस्त यथायोग्य राहिल्यास, सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंचे होऊन विक्रीस निघते. या नवलाईचे श्रेय मी तरी खाद्याइतकेच पहिल्या आठवड्यातील उबेला देईन. भाताच्या तुसावर, ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, सुमारे ३३ अंश उष्णता राखावी लागते. पिले दिव्याखाली दाटली की थंडी, चोची उघडून दूर पांगली की उष्मा अधिक, हे थर्मामीटरआधी पिलेच सांगतात. महाराष्ट्रात पुष्कळ लहान शेडमालक करारावर पक्षी वाढवतात : पिले, खाद्य, औषधे कंपनीची, जागा, वीज, मेहनत आणि वैशाखातील दुपारी पक्षी उष्माघाताने दगावण्याची धास्ती शेतकऱ्याची, मोबदला मात्र वजनाच्या हिशेबाने.