सूर उमादेवींचा, टायमिंग टुनटुनचं

‘अफसाना लिख रही हूँ’ शिकवायला घेतलं की मी पेटी लगेच उघडत नाही. आधी मूळ गाणं नुसतं ऐकवते आणि मुलींना एकच प्रश्न विचारते : गाणारी श्वास कुठे घेते? पहिल्या ऐकण्यात बहुतेक कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्यांदा लावलं की एखादी हात वर करते. ओळ संपते, ठेका पुढे चालू राहतो, आणि मधल्या जेमतेम जागेत श्वास उरकलेला असतो. पुढचा शब्द तरीही दमलेला येत नाही. ऐकायला हे साधं वाटतं. गळ्यातून काढायला लागलं की मुलींची दमछाक होते. श्वास चोरला तर शब्द तुटतो, शब्द सांभाळावा तर सम निसटते.

हे गाणं ‘दर्द’ या चित्रपटातलं. साल १९४७, दिग्दर्शक ए. आर. कारदार, संगीतकार नौशाद, आणि गीतकार म्हणून शकील बदायुनींचा पहिलाच चित्रपट. पडद्यावर मुनव्वर सुलताना आहेत, आवाज उमादेवी खत्री यांचा. याच उमादेवी पुढे विनोदी अभिनेत्री टुनटुन झाल्या, हे सांगितलं की मुली एकमेकींकडे बघतात. टुनटुन हा शब्द त्यांनी घरी ऐकलेला असतो, बाई माहीत नसते. माझ्या शाळेत अंगाने जरा भरलेल्या मुलीला कधी ना कधी त्या नावाने हाक मारली जायचीच. ज्यांच्या नावाने आम्हाला चिडवलं, त्या एक उत्तम गायिका होत्या, हे तेव्हा कुणीच सांगितलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

उमादेवींचा जन्म १९२३ चा, उत्तर प्रदेशात अमरोह्याजवळच्या एका खेड्यातला. त्या अगदी लहान असताना जमिनीच्या वादातून आईवडिलांचा खून झाला. भाऊही गेला. नातेवाइकांच्या घरी राबत वाढलेल्या या मुलीला गाणं शिकवायला कुणी गुरू नव्हता. जे काही शिकल्या ते ऐकून. विशीत त्यांनी मुंबई गाठली. नौशादांच्या दारात जाऊन ‘मला गाऊ द्या, नाहीतर समुद्रात उडी घेते’ असं म्हणाल्याचा किस्सा सगळेच सांगतात. किस्सा बाजूला ठेवला तरी नौशादांनी त्यांना ऐकलं आणि काम दिलं, एवढं खरं. अनाथ, अशिक्षित, मुंबईत ओळख नसलेली एक मुलगी थेट त्या काळच्या आघाडीच्या संगीतकारापर्यंत जाते, यातलं धैर्य मला त्यांच्या गाण्याइतकंच मोठं वाटतं.

त्या काळी गाणं रेकॉर्ड करणं म्हणजे काय होतं, हे आजच्या मुलींना मुद्दाम सांगावं लागतं. आता एकेक ओळ वेगळी गाता येते, चुकलेला शब्द तेवढाच बदलता येतो, बेसूर झालेली जागा यंत्राने सरळ करता येते. तेव्हा गायिका आणि सगळा वाद्यवृंद एकत्र उभा असायचा आणि गाणं एका दमात व्हायचं. शेवटच्या कडव्यात कुणा वादकाचा हात चुकला, तरी सगळं पहिल्यापासून. तबकडी ७८ फेऱ्यांची, तिच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात मुखडा, अंतरे, मधलं संगीत सगळं बसवायचं. ज्या बाईने कधी रीतसर तालीम घेतली नाही ती माईकसमोर उभी राहून हे करते, आणि आवाजात कुठेही भीती नाही.

आवाज कसा होता? मोकळा, किंचित नाकातला, मध्य सप्तकात भरदार. नूरजहाँच्या गाण्याची सावली त्यात स्पष्ट दिसते. ‘दर्द’मध्येच सुरैयांबरोबर त्यांचं द्वंद्वगीत आहे. दोन्ही आवाज शेजारी ठेवून ऐकले की फरक कळतो : सुरैया शब्दाला हळुवार कुरवाळतात, उमादेवी त्याला ठामपणे समोर ठेवतात. पुढच्याच वर्षी मेहबूब खान यांच्या ‘अनोखी अदा’त त्यांची गाणी आली, आणि मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या भव्य ‘चंद्रलेखा’च्या हिंदी आवृत्तीत तर एकदम सात. तो त्यांच्या गाण्याचा कळस. पल्ला मात्र मर्यादित होता. तार सप्तकात सहज फिरणं हा त्या आवाजाचा स्वभाव नव्हता. १९४९ मध्ये ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’ आले आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने चित्रपटसंगीताची मागणीच बदलून टाकली. जोहराबाई, अमीरबाई, राजकुमारी अशा किती तरी गायिका एकेक करून मागे पडल्या. उमादेवीही त्यांतल्याच.

बाकीच्या बहुतेक जणी गप्प झाल्या. उमादेवींनी दुसरं दार उघडलं. त्यांचं बोलणं मुळातच खुसखुशीत, हजरजबाबी. नौशादांनी त्यांना विनोदी भूमिका करायला सुचवलं. काम करीन तर दिलीपकुमारबरोबर, असं त्या म्हणाल्या, आणि १९५० च्या ‘बाबुल’मध्ये ते घडलंही. टुनटुन हे नाव तेव्हापासूनचं.

इथे मला जे म्हणायचंय ते असं. कारकिर्दीच्या पहिल्या भागात लोकांनी त्यांचा फक्त आवाज घेतला, चेहरा दुसरीचा. दुसऱ्या भागात फक्त देह घेतला आणि गाणं काढून टाकलं. आपल्याकडे तमाशाच्या फडात गाणारी आणि फटकन उत्तर देऊन हशा पिकवणारी बाई एकच असू शकते. संगीत नाटकाने तर गाणं आणि अभिनय एकाच माणसाकडे मागितला. पार्श्वगायनाच्या पद्धतीने ही जोडी फोडली, आणि उमादेवींसारखी दोन्ही येणारी बाई अर्धी-अर्धी वापरली गेली.

पण गाणं खरोखर गेलं होतं का? मी काही वर्षं हौशी नाटकांत कामं केली आहेत. विनोदी वाक्य पडतं कधी आणि उठतं कधी, याचा धडा तिथे मिळतो. हशा पूर्ण विरू दिला तर प्रसंग थंड होतो, हशावरच पुढचं वाक्य टाकलं तर ते कुणाला ऐकू येत नाही. हशा उतरणीला लागला की वाक्य उचलायचं. हे गणित घड्याळावर नाही, लयीवर चालतं. आणि चित्रपटात तर समोर प्रेक्षकच नसतो. हशा किती वेळ चालेल ते मनात धरून थांबावं लागतं. टुनटुनचे प्रसंग मी कधी आवाज बंद करून पाहते, कधी डोळे मिटून ऐकते. आवाज बंद केला की एक जाड बाई हातवारे करताना दिसते, फार हसू येत नाही. डोळे मिटले की हसू येतं. वाक्य खालच्या सुरात सुरू होतं, एका शब्दावर उसळतं, तिथे क्षणभर टिकतं आणि मग धपकन खाली येतं. त्या टिकण्याला दम लागतो, आणि तो दम गाण्यातून आलेला आहे.

गुरुदत्त यांनी हे ओळखलं असावं. ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’, अशा त्यांच्या एकामागून एक चित्रपटांत त्या आहेत. ‘प्यासा’त त्या नायक विजयच्या कॉलेजातल्या ओळखीची पुष्पलता आहेत. भूमिका लहान, चित्रपट पराकोटीच्या दुःखाचा. तरीही त्यांचा प्रसंग उपरा वाटत नाही, कारण त्या तिथे विनोद करत नाहीत, मोकळेपणाने बोलतात.

बाकीच्यांनी मात्र सोपा रस्ता धरला. जवळपास दोनशे चित्रपटांत त्या दिसल्या, ‘नमक हलाल’पर्यंत, त्याच्याही पुढे. त्यांतल्या बहुतेकांत लेखकाने त्यांच्यासाठी काही लिहिलेलंच नाही : दारातून आत या, कुणावर तरी आदळा, किंचाळा, जा. हा लेखकांचा आणि दिग्दर्शकांचा आळस आहे, अभिनेत्रीची मर्यादा नव्हे. जिने विरहगीतातला श्वास इतका नेमका सांभाळला, तिला एक तरी पूर्ण भूमिका मिळायला हवी होती. एखादी आई, एखादी गाणारी शेजारीण, जिच्याकडे हसूही आहे आणि दुखरी जागाही.

२४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. जुनी हिंदी गाणी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे : लता, आशा, गीता, शमशाद शिकवा, पण ‘दर्द’मधलं हे एक गाणंही शिकवा. शिकवताना गायिकेची दोन्ही नावं सांगा, आणि कुणा मुलीला त्यातल्या दुसऱ्या नावाने कुणी चिडवत असेल, तर त्यालाही हे गाणं ऐकवा.