आजी-आजोबांना समुद्रावर नेताना

वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन सभागृहात न करता समुद्रावर करावे, असे एका कुटुंबाने ठरवले. गेटवे ऑफ इंडियाहून दोन तासांसाठी यॉट भाड्याने घेतली. आदल्या दिवशी आजोबा चारकोपमधील माझ्या दवाखान्यात आले. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि ‘खुशाल जा’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी परतताना धक्क्याच्या पायरीवर उभे राहताच त्यांना घेरी आली. नातवाने वेळीच सावरले, म्हणून खुब्याचे हाड वाचले.

दोष समुद्राचा नव्हता. बोटीवर लघवीची अडचण नको म्हणून आजोबांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. शरीरातील पाणी कमी झाले आणि उभे राहताच रक्तदाब घसरला. पाण्याविषयी मी विचारायला हवे होते, विचारले नाही. ती चूक आपल्या घरी होऊ नये, म्हणून हे लेखन.

बोट लागणे

परदेशी असलेली मुले भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटाच्या किनाऱ्याने आठवडाभर नौका भाड्याने घेऊन आई-वडिलांनाही बोलावतात. तेव्हा पहिली धास्ती असते ती बोट लागण्याची. मळमळीसाठी असलेला इंग्रजी शब्दसुद्धा ‘जहाज’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. डोळे स्थिर केबिन पाहतात, अंतर्कर्ण मात्र हेलकावे नोंदवतो; या विसंगतीतून मळमळ होते. हा त्रास लहान मुलांत अधिक असतो आणि उतारवयात बहुधा कमी होतो. बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूस बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, वाचन व मोबाइल टाळावा. हलका नाश्ता करूनच निघावे.

बोट लागू नये म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी मात्र घेऊ नये. अशा बहुतेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो, कधी भ्रमही होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतील दाब वाढू शकतो. आपल्या डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी.

पाणी आणि नेहमीची औषधे

पाणी बंद करू नये. थोडे थोडे पीत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. परस्पर बंद करू नये. नौका ठरवताना शौचालय आहे का आणि तेथे शिडीने उतरावे लागते का, हे विचारावे. प्रौढांचे डायपर वापरण्यात कमीपणा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना उलटी झाली तर साखर एकदम उतरू शकते. सोबत साखर आणि ग्लुकोमीटर हवेच.

खरी जोखीम पायरीवर

बोट वर-खाली होते, पायऱ्यांवर शेवाळ असते आणि पाऊल नेमके त्याच क्षणी टाकायचे असते. काही ठिकाणी लहान बोटीतून मोठ्या यॉटवर चढावे लागते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा येथे उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. या दिवसांत भांगाचे पाणी असल्याने चढ-उतार उधाणापेक्षा कमी असतो, आणि सकाळी वाराही बहुधा शांत असतो. नेमकी वेळ तक्त्यात पाहून तांडेलाशी बोलून घ्यावी. चढताना एकाने पुढून आणि एकाने मागून आधार द्यावा. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागल्यास, बरे वाटत असले तरी तडक रुग्णालय गाठावे.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात आपण विसरलेलो नाही. लाइफ जॅकेट बोट सुटण्यापूर्वीच अंगावर, पट्टे आवळून असावे.

गोराईची रंगीत तालीम

मोठा खर्च करण्यापूर्वी आमच्या भागातील कुटुंबांना मी एक उपाय सुचवतो. गोराई जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडे जाऊन यावे, किंवा मार्वेहून मनोरीला. खाडीचे पाणी शांत असते, त्यामुळे बोट लागते की नाही हे तेथे कळणार नाही. परंतु गुडघे, तोल, धीर आणि मदत करणाऱ्यांची समज यांची परीक्षा होते. तेथे पाय डगमगले, तर यॉटचा बेत बदलावा.

अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, थोड्या चालण्यानेही धाप लागणाऱ्यांनी आणि वारंवार घेरी येणाऱ्यांनी परवानगीशिवाय जाऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ एकाने सतत बसावे, आणि त्याने छायाचित्रांच्या मागे लागू नये.

एक विनंती ज्येष्ठांना: अडचण लपवू नका. आणि एक मुलांना: नौका ठरवण्याआधी त्यांना विचारा. त्यांना समुद्र हवा असेल, पण त्यासाठी कदाचित खाडीचे पाणीही पुरेल.